आंब्रोआज पारे : शल्य आणि देशभाषा

फ्रान्समधील लाव्हालजवळ १५१०च्या सुमारास जन्मलेला आंब्रोआज पारे हा पेशाने न्हावी-शल्यकर्मी. पॅरिसच्या ओतेल-दिय रुग्णालयात त्याने उमेदवारी केली; पुढले शिक्षण रणांगणावरच झाले. १५४२ साली पेर्पिन्यांच्या वेढ्यात सेनानी ब्रिसाक याच्या उजव्या खांद्याजवळ गोळी शिरली. अनेकांनी जखम चाचपली, परंतु गोळी सापडेना. तेव्हा पारेने, गोळी लागतेवेळी देहाची जी ठेवण होती तीच घ्यावयास त्यास सांगितले. देहाची ठेवण पालटली की स्नायू सरकतात आणि गोळीची वाट बुजते, हे त्याने ओळखले होते. खांद्याच्या फऱ्यापाशी बोटांना गोळीचा उंचवटा जाणवला. ती बाहेर काढली मात्र दुसऱ्या शल्यकर्म्याने.

प्रत्येक शल्य असे वश होत नाही. १५५९ मध्ये भाल्याच्या ढलप्या डोळ्यात घुसून राजा दुसरा आंरी घायाळ झाला. पारे आणि वेसालियस दोघेही उपस्थित असता दहा-अकरा दिवसांत तो निवर्तला.

पारेला लॅटिन येत नव्हती. बंदुकीच्या जखमांवरील त्याचा १५४५चा ग्रंथ फ्रेंचमध्ये आहे. १५७५ मध्ये समग्र ग्रंथ निघाला, तेव्हा पॅरिसच्या वैद्यकशाखेने त्यास कडाडून विरोध केला. संस्कृत आणि देशी यांतील कलहाचा अभ्यास केलेल्यांना हा तंटा परका वाटू नये. आक्षेप मजकुराइतकाच, माझ्या मते, लेखकाच्या अधिकारावर होता. १५८२ मध्ये ग्रंथाचे लॅटिन भाषांतर त्याच्या शिष्याने, झाक गिय्मो याने, सिद्ध केले. पारे १५९० मध्ये पॅरिस येथे वारला.