कुलच्याचे निशाण

मुलांनो, प्रत्येक राज्याला आपले एक चिन्ह असते. कुणाच्या चिन्हावर सिंह असतो, कुणाच्या तलवार. फ्रान्समधील पॅरिस शहराच्या चिन्हावर जहाज आहे. आपले कामरगाव वऱ्हाडात येते. हे वऱ्हाड एके काळी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या पिवळ्या निशाणावर मधोमध एक गोल आकृती असे. तुम्ही म्हणाल, तो चंद्र असेल. नाही, तो होता कुलचा, म्हणजे तंदुरात भाजलेली गोल रोटी!

हे राज्य स्थापन करणारे मीर कमरुद्दीन यांचा जन्म १६७१ मध्ये झाला. त्यांचे आजोबा मध्य आशियातून आले आणि औरंगजेब बादशहाच्या चाकरीत राहिले. १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात ते मारले गेले. नातूही लहानपणापासून छावणीतच वाढला. पुढे मीर कमरुद्दीन यांना निजामुल्मुल्क हा किताब मिळाला. १७२२ मध्ये ते दिल्लीचे वजीर झाले, परंतु दरबारातील चैन आणि कारस्थाने त्यांना मानवली नाहीत. ते दख्खनकडे निघून आले.

बादशहाला हे आवडले नाही. हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान त्यांच्यावर चालून आला. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी साखरखेर्डा येथे मोठी लढाई झाली. हे गाव आपल्यापासून फार दूर नाही. ते शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात आहे. मुबारिजखान मारला गेला. हरले असते तर निजामुल्मुल्क बंडखोर ठरले असते. जिंकले, म्हणून पुढच्याच वर्षी त्याच बादशहाने त्यांना आसफजाह हा मोठा किताब दिला!

आता कुलच्याची गोष्ट ऐका. असे सांगतात की, निजामुल्मुल्क एकदा औरंगाबादचे सूफी संत हजरत निजामुद्दीन यांच्या भेटीस गेले. त्यांना फार भूक लागली होती. संतांनी पिवळ्या कापडात बांधलेले कुलचे पुढे ठेवले. पाहुण्यांनी सात खाल्ले. तेव्हा, तुमच्या सात पिढ्या राज्य करतील, अशी दुआ संतांनी दिली. म्हणून निशाणावर कुलचा आला, आणि कापडाचा पिवळा रंगही आला.

पण रोटीची खरी किंमत निजामांना पालखेडला कळली असावी. १७२८ मध्ये पहिल्या बाजीराव पेशव्यांनी त्यांच्या फौजेला तेथे असे कोंडले की माणसांना दाणा मिळेना, जनावरांना पाणी मिळेना. मोठ्या तोफखान्याचाही काही उपयोग झाला नाही. अखेर मुंगी-शेवगावला तह करावा लागला.

निजामांनी स्वतःला कधी बादशहा म्हणवले नाही. १७३९ मध्ये नादिरशहा चालून आला, तेव्हा दिल्लीच्या वतीने बोलणी करायला तेच वृद्ध सरदार पुढे झाले. १ जून १७४८ रोजी बुऱ्हाणपूर येथे त्यांचे निधन झाले. खुलताबादला हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. सहलीला जाल तेव्हा जरूर पाहा.

वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेला. हैदराबादचे राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपले, तेव्हा गादीवर सातवे आसफजाह होते. मग दुआ अक्षरशः खरी झाली का? इतिहासाचा विद्यार्थी येथे जरा थांबतो. १७४८ ते १७६२ या काळात नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग हे तिघेही गादीवर बसले होते. आसफजाह म्हणून त्यांची गणना होत नाही, एवढेच. त्यांनाही मोजले, तर राज्यकर्ते सात नव्हे, दहा होतात.