पटकीच्या विषाचा शोध घेणारे डॉ. शंभुनाथ डे

पटकी अथवा कॉलरा हा रोग आपल्या पूर्वजांच्या चांगलाच परिचयाचा होता. साथ आली म्हणजे मरीआईला नवस बोलले जात आणि तिचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेण्यात येई. सायंकाळी धडधाकट असलेला माणूस उलट्या-जुलाबांनी सुकून सकाळपर्यंत दगावे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात रुग्णांच्या आतड्यांतून या रोगाचा जंतू वेगळा केला. परंतु तो जंतू माणसाचा प्राण घेतो तरी कसा, हे कोडे त्यानंतर पाऊणशे वर्षे सुटले नाही. जंतू एखादे विष निर्माण करीत असावा, हा कॉख यांचा तर्क प्रयोगाने सिद्ध होत नव्हता. ते कोडे त्याच कोलकाता शहरात डॉ. शंभुनाथ डे यांनी सोडविले.

शंभुनाथांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी बंगालमधील हुगळी जिल्ह्यात गरीबाटी या खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. काकांचा आधार आणि शिष्यवृत्ती यांच्या बळावर त्यांचे शिक्षण झाले. हुगळीच्या मोहसीन कॉलेजातून ते कोलकाता मेडिकल कॉलेजात गेले व १९३९ साली वैद्यकाचे पदवीधर झाले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विकृतिशास्त्रज्ञ रॉय कॅमेरॉन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ साली त्यांनी पीएच.डी. संपादन केली.

मायदेशी परतल्यावर कोलकात्याच्या नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात अध्यापन करीत असतानाच त्यांनी पटकीचा अभ्यास हाती घेतला. तोपर्यंतच्या बहुतेक संशोधकांचा असा समज होता की, जंतू मेल्यावर त्याच्या देहातील विष रक्तात भिनते आणि साऱ्या शरीराला बाधते. डे यांनी मात्र रोग जेथे प्रकट होतो त्या आतड्याकडेच लक्ष वळविले. सशाच्या लहान आतड्याचा सुमारे चार इंचांचा भाग दोन्ही टोकांना रेशमी धाग्याने बांधून त्यांनी त्यात पटकीचे जंतू टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो आतड्याचा तेवढाच भाग तांदळाच्या धुवणासारख्या पाण्याने तट्ट फुगलेला! पटकीच्या रुग्णाला होणारे जुलाब नेमके असेच असतात. डॉ. डी. एन. चटर्जी यांच्या सहकार्याने केलेला हा प्रयोग १९५३ साली प्रसिद्ध झाला.

त्यानंतरची पायरी अधिक महत्त्वाची होती. ज्या द्रवात जंतू वाढविले तो द्रव गाळून त्यांनी पूर्णपणे जंतुरहित केला आणि तो आतड्यात सोडला. एकही जंतू नसताना आतडे पाण्याने भरले. म्हणजे जंतू आपल्या देहाबाहेर विष टाकतो व ते विष आतड्यावर परिणाम करते, हे सिद्ध झाले. हा निबंध १९५९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे व कुलकर्णी या संशोधकांनीही सशाच्या पिलांवर प्रयोग करून विषाचेच कार्य दाखवून दिले, हा योग मोठा विलक्षण होय.

या ज्ञानाचे मोल फार मोठे आहे. रुग्ण मरतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. आतड्याचे अस्तर नष्ट झाल्यामुळे नव्हे. साखरेच्या साहाय्याने मीठ व पाणी शोषून घेण्याची आतड्याची शक्ती रोगातही शाबूत राहते, हे अन्य संशोधकांनी पुढे दाखविले. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महलानबीश यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. तेथील मृत्यूंचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले.

डे यांना स्वतःला मात्र विषाचे शुद्धीकरण साधले नाही; त्यासाठी लागणारी साधने त्यांच्यापाशी नव्हती. ते कार्य १९६९ साली अमेरिकेत झाले. १९७३ साली ते कोलकाता मेडिकल कॉलेजातून निवृत्त झाले. १९७८ मध्ये स्वीडनमध्ये पटकीविषयी भरलेल्या नोबेल परिसंवादाचे त्यांना निमंत्रण आले, आणि नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्या पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले. परंतु स्वदेशातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना आपले सदस्यत्व दिले नाही. १५ एप्रिल १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९९० साली, ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकाने त्यांच्या कार्यावर विशेषांक काढला.

सन्मान उशिरा आला आणि तो पाहावयास ते उरले नाहीत. परंतु जुलाब झालेल्या बालकाला आई आज निःशंकपणे मीठ-साखरेचे पाणी पाजते, त्यामागील ज्ञानाचा एक भक्कम चिरा शंभुनाथ डे यांनी बसविलेला आहे. तो त्यांच्या नावाने ओळखला जावा, एवढे ऋण तरी आपण मानावयास हवे.