चित्रं काढायला बेटावर गेले आणि वाट चुकलेल्या पक्ष्यांचा हिशेब ठेवत राहिले! कोण होते हाइनरिश गेटके?

उत्तर समुद्रात हेलिगोलँड नावाचं बेट आहे. मुख्य बेट जेमतेम १ चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा जागेवर दिसलेल्या जवळपास ४०० जातींच्या पक्ष्यांची नोंद हाइनरिश गेटके यांनी केली. त्यातले कित्येक पक्षी खरंतर तिथे असायलाच नको होते.

गेटके यांचा जन्म १८१४ चा, आजच्या जर्मनीतल्या प्रित्झवाल्कचा. १८३७ मध्ये समुद्राची चित्रं काढायला ते हेलिगोलँडला गेले आणि तिथलेच झाले. तेव्हा बेट ब्रिटिशांकडे होतं. गेटके तिथे सरकारी सचिव झाले.

इतके पक्षी तिथे कसे?

चहूबाजूंनी समुद्र, त्यामुळे थकलेल्या स्थलांतरित पक्ष्यांना टेकायला हीच जागा. अंधाऱ्या रात्री तर दीपगृहाच्या उजेडाकडे थवेच्या थवे येत. बेटावरचे लोक ते पकडून खात. पण वेगळा पक्षी दिसला की तो गेटकेंकडे पोहोचायचा.

१८४० मध्ये अमेरिकेतला कॅटबर्ड सापडला. १८५८ मध्ये आर्क्टिकचा गुलाबी झाक असलेला रॉसचा कुरव. सायबेरियातला पिवळ्या भुवईचा वटवट्या तर पुन्हा पुन्हा यायचा. वजन जेमतेम ५-६ ग्रॅम आणि जायचं असतं आग्नेय आशियात!

तेव्हा नुसतं पाहिलं म्हणून कुणी विश्वास ठेवत नसे. पुरावा म्हणून पक्षी मारावाच लागे. गेटकेंनीही तेच केलं, कातडी पेंढा भरून जपली आणि तारखा लिहून ठेवल्या.

अंदाज चुकले, नोंदी टिकल्या

निळकंठी हा छोटा पक्षी आफ्रिकेतून एका रात्रीत हेलिगोलँड गाठतो, असं गेटकेंना वाटायचं. मधल्या देशांत तो फारसा दिसत नाही, म्हणजे थांबतच नसणार, हा त्यांचा तर्क. तो साफ चुकला. इतका वेग कुठल्याच छोट्या पक्ष्याला झेपत नाही. पण शरद ऋतूत काही जातींची पिल्लं आईबापांच्या आधी एकटीच निघतात, हे त्यांचं निरीक्षण खरं होतं. म्हणजे त्यांना वाट दाखवणारं कुणी नसतं.

१८९१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. १ जानेवारी १८९७ ला त्यांचं निधन झालं. १९१० मध्ये बेटावर पक्षी संशोधन केंद्र सुरू झालं, ते आजही काम करतं.

आता बंदुकीची जागा दुर्बीण आणि कॅमेऱ्याने घेतली आहे. दर ऑक्टोबरमध्ये पक्षीनिरीक्षक हेलिगोलँडला जमतात. पिवळ्या भुवईचा तो वटवट्या आता पश्चिम युरोपात दरवर्षी दिसतो. तो वाट चुकतोय की नवी वाट शोधतोय, यावर संशोधन सुरू आहे. आणि युरोपात तो पूर्वी किती यायचा, हे बघायला गेटकेंच्या जुन्या नोंदी उघडाव्या लागतात.