चौरंगीवरील एक पुनरुज्जीवन : रायबहादुर मोहनसिंग ओबेरॉय

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी या शहराशी निगडित अशा एखाद्या व्यक्तीचा परिचय लिहावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा साहजिकच रवींद्रनाथ, विवेकानंद, जगदीशचंद्र ही नावे डोळ्यांपुढे उभी राहिली. परंतु त्या थोरांविषयी अधिकारी पुरुषांनी विपुल लिहिले आहे. त्यात भर घालण्याची आमची योग्यता नाही. म्हणून आम्ही जाणूनबुजून वेगळे नाव निवडले. चौरंगीवरून जाताना ज्या इमारतीच्या कमानींखाली आपल्यापैकी प्रत्येकाने पावसापासून कधी ना कधी आडोसा घेतला असेल, त्या ग्रँड हॉटेलला पुन्हा उभे करणारे रायबहादुर मोहनसिंग ओबेरॉय हे ते नाव. ते बंगाली नव्हते, महाराष्ट्रीयही नव्हते. आपल्या वाडवडिलांप्रमाणे तेही दूरदेशाहून आले आणि त्यांच्या उत्कर्षाची खरी पायरी त्यांना या नगरीतच सापडली.

हॉटेल आणि पाणी यांचे नाते फार जुने आहे. युरोपात बाथ, कार्ल्सबाद, विशी या गावी जमिनीतून खनिजयुक्त पाणी वर आले, त्या पाण्याच्या गुणावर विश्वास ठेवून रोगी आले आणि रोग्यांच्या मागोमाग आलिशान हॉटेले आली. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरीची किंवा बीरभूममधील बक्रेश्वरची उष्ण कुंडे प्रसिद्ध आहेत. तेथे हॉटेलांऐवजी देवालये व धर्मशाळा उभ्या राहिल्या, एवढाच फरक. अशा स्थळी एखादे जुने, ओस पडलेले विश्रामगृह पुन्हा चालू करावयाचे झाले, तर झरा हेच त्याचे भांडवल असते. चौरंगीच्या ग्रँड हॉटेलची कथा याच्या नेमकी उलट आहे. ते पाण्यानेच बुडाले. ज्याने ते पुन्हा उभे केले त्याला लोकांचा त्या वास्तूतील पाण्यावरचा उडालेला विश्वास परत मिळवावा लागला.

मोहनसिंगांचा जन्म 15 ऑगस्ट 1898 रोजी तत्कालीन पंजाबातील झेलम जिल्ह्यात, भाऊन नावाच्या खेड्यात झाला. वडील अत्तरसिंग हे पेशावरकडे ठेकेदारी करीत. मूल अवघे सहा महिन्यांचे असताना ते निवर्तले आणि बाळाला वाढविण्याचा सारा भार तरुण मातेवर, भागवंतीबाईंवर पडला. रावळपिंडी व लाहोर येथे मोहनसिंगांचे काही शिक्षण झाले, पण पैशाअभावी ते पुरे होऊ शकले नाही. लघुलेखन व टंकलेखन शिकूनही नोकरी मिळेना. लाहोरास काकांच्या पादत्राणांच्या कारखान्यात काम मिळाले, तर तो कारखानाच बंद पडला. 1920 साली इसरनदेवींशी विवाह झाला. पदरी संसार आणि हाती काम नाही, अशा अवस्थेत ते गावी परतले, तो तेथे प्लेगने थैमान मांडलेले. आईने पोटाशी न धरता मुलाला गावाबाहेर पाठविले आणि जाताना 25 रुपये हातावर ठेवले. ही रक्कम व ही आई मोहनसिंग अखेरपर्यंत विसरले नाहीत.

1922 साली ते सिमल्यास पोहोचले. साम्राज्याची उन्हाळी राजधानी असलेल्या त्या गावी सेसिल हे नामांकित हॉटेल होते. तेथे त्यांना दरमहा 50 रुपयांवर कारकुनाची जागा मिळाली. हॉटेलच्या दर्शनी दालनापेक्षा त्याची मागची बाजू त्यांनी अधिक लक्षपूर्वक पाहिली असावी, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून वाटते. नेमून दिलेल्या कामाबाहेरची कामे ते आपण होऊन अंगावर घेत. सेसिलमधील अधिकारी क्लार्क यांनी या कष्टाळू तरुणाला हेरले आणि पुढे स्वतःचा व्यवसाय थाटला तेव्हा त्याला बरोबर नेले. सिमल्याच्या कार्ल्टन हॉटेलचे क्लार्क्स हॉटेल झाले आणि त्याच्या कारभारात मोहनसिंग मुरले. क्लार्क दांपत्याने मायदेशी परतण्याचे ठरविल्यावर, पत्नीचे दागिने व जे काही होते ते गहाण टाकून, 14 ऑगस्ट 1934 रोजी त्यांनी ते हॉटेल आपल्या ताब्यात घेतले. मालक झाल्यावरही भाजी व मांस यांची खरेदी ते जातीने करीत.

आता आपण कलकत्त्याकडे वळू. चौरंगीवरील तेरा क्रमांकाचे घर हे मुळात एका कर्नल ग्रँडचे निवासस्थान. पुढे अ‍ॅनी मंक या बाईंनी तेथे खाणावळवजा निवासगृह चालविले व हळूहळू शेजारची घरे जोडून घेतली. मधल्या सोळा क्रमांकाच्या जागी एक नाट्यगृह होते आणि ते इस्फहानहून आलेल्या अ‍ॅराथून स्टीफन या आर्मेनियन उद्योजकाच्या मालकीचे होते. 1911 साली ते आगीत भस्मसात झाले. स्टीफनने त्यानंतर मंकबाईंचा सारा पसारा विकत घेतला आणि त्या संपूर्ण जागेवर आज दिसते ती भव्य वास्तू उभारली. राजधानी त्याच वर्षी दिल्लीस नेण्याचे जाहीर झाले, तरी ताग, चहा व जहाजे यांचा व्यापार येथेच राहिला आणि ग्रँडच्या मेजवान्या व नववर्षाचे नृत्यसमारंभ यांचा बोलबाला होत राहिला. 1927 साली स्टीफन मरण पावला.

यानंतर दहा वर्षांच्या आत हे वैभव लयाला गेले. पाण्यावाटे पसरणाऱ्या रोगाची साथ हॉटेलात शिरली. उतरलेल्या पाहुण्यांपैकी काही दगावले आणि दोष हॉटेलच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेकडे गेला. 1937 साली ग्रँडचे दरवाजे बंद झाले.

हा प्रकार समजून घ्यावयाचा तर या शहराच्या पाण्याची थोडी माहिती हवी. पलता येथे हुगळीचे पाणी गाळून शहरास पुरविण्याची व्यवस्था 1870 च्या सुमारास चालू झाली. टाला येथील उंच टाकी 1911 साली पुरी झाली. परंतु गाळलेल्या पाण्याबरोबर न गाळलेल्या नदीच्या पाण्याची दुसरी नळव्यवस्थाही शहरात होती. रस्ते धुणे, आग विझविणे व शौचकूप धुणे यांसाठी ते पाणी वापरीत. जेथे पाणी चोवीस तास एकाच दाबाने येत नाही, तेथे नळाचा एखादा सांधा गळका असला की दाब कमी होताच तो सांधा बाहेरची घाण आत शोषून घेतो. मैल्याची वाहिनी जवळ असेल, तर नळातून विषच येते आणि ते दिसावयास स्वच्छ असते. 1884 साली रॉबर्ट कॉख याने पटकीच्या जंतूवरील आपले संशोधन याच शहरात येऊन पुढे नेले होते आणि त्याला तो जंतू येथील एका तळ्याच्या पाण्यात आढळला होता. तेव्हा पन्नास वर्षांनंतर येथील सुशिक्षित पाहुण्याला पाण्यात काय असू शकते हे पुरते ठाऊक होते. ग्रँडमध्ये उतरावयाचे नाही, एवढे त्याच्यापुरते पुरेसे होते.

अशा बदनाम, बंद पडलेल्या, सुमारे पाचशे खोल्यांच्या हॉटेलवर सिमल्याच्या एका लहान हॉटेलमालकाने नजर टाकावी, हे त्या काळी अनेकांना धाडसच वाटले असणार. मोहनसिंगांनी 1938 साली ते भाडेपट्ट्याने घेतले आणि 1939 साली पुन्हा उघडले. गालिचे, झुंबरे, वाद्यवृंद ही सारी सामग्री पूर्वीही होतीच; तिने साथ अडविली नव्हती. हॉटेल पुन्हा उघडावयाचे तर पिण्याच्या पाण्याची वाट आणि मैल्याची वाट एकमेकींपासून निर्धास्त करणे हे पहिले काम, आणि ती निर्धास्त झाली आहे हे पाहुण्याच्या मनात उतरविणे हे दुसरे. पहिले काम कारागीर करू शकतात. दुसरे मात्र रोजच्या रोज, प्रत्येक पेल्यागणिक सिद्ध करावे लागते, आणि त्यात एका दिवसाची चूकही खपत नाही. भाजीची खरेदी स्वतः करणाऱ्या, मागच्या दाराने हॉटेलात शिरलेल्या माणसाच्या हाती ते गेले, हे ग्रँडचे भाग्य होय.

मोहनसिंगांच्या यशात काळाचाही वाटा होता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. हॉटेल उघडले त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्यावर कलकत्ता हा पूर्व आघाडीचा तळ बनला आणि लष्कराला राहण्याच्या जागा कमी पडू लागल्या. ग्रँड सैनिकांनी गजबजून गेले. ज्या वर्षी बंगालात अन्नावाचून लक्षावधी लोक मेले, त्या 1943 सालीच मोहनसिंगांनी ही वास्तू विकत घेतली आणि त्यांना रायबहादुर हा किताबही मिळाला. चौरंगीच्या कमानींच्या आत मेजवान्या झडत होत्या आणि बाहेर पदपथावर माणसे भाताच्या पेजेसाठी हात पसरीत होती, हे विसरून ग्रँडचा इतिहास लिहिणे योग्य होणार नाही. दुष्काळ एका हॉटेलमालकाने घडविला नाही, हे खरे. तथापि भरभराटीचे श्रेय देताना ती कोणत्या दिवसांत आली, हेही नोंदविले पाहिजे.

त्याच सुमारास असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया या मोठ्या कंपनीची सूत्रे त्यांच्या हाती आली. सिमल्यापासून दिल्ली, लाहोर, रावळपिंडी, पेशावरपर्यंत तिची हॉटेले पसरलेली होती, आणि त्यांत सेसिलही होते. जेथे पन्नास रुपयांवर कारकुनी केली, तेथेच मोहनसिंग मालक म्हणून आले. फाळणीने यांतील काही हॉटेले सरहद्दीपलीकडे राहिली व कालांतराने हातची गेली. 1949 साली ईस्ट इंडिया हॉटेल्स ही कंपनी स्थापन झाली. तिची नोंदणी कलकत्त्यातच होती. 1965 साली दिल्लीत आधुनिक पद्धतीचे ओबेरॉय इंटरकॉन्टिनेन्टल उघडले, 1966 साली हॉटेल व्यवसायाचे शिक्षण देणारी संस्था निघाली आणि 1973 साली मुंबईस नरिमन पॉइंटवर समुद्राकाठी त्यांचे उत्तुंग हॉटेल उभे राहिले. मधल्या काळात ते राज्यसभेत व लोकसभेतही बसले. 1997 साली जीर्णोद्धार होऊन सेसिल पुन्हा उघडले, तेव्हा तेथला जुना कारकून शंभरीला टेकला होता. 2001 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 3 मे 2002 रोजी, वयाच्या 103 व्या वर्षी ते निधन पावले.

जुने हॉटेल पुन्हा जिवंत करणे किती अवघड असते, याचे दुसरे उदाहरणही आपल्याच शहरात आहे. डेव्हिड विल्सनने 1840 च्या सुमारास सुरू केलेले ग्रेट ईस्टर्न हॉटेल एके काळी ग्रँडहून वडीलधारे व मातब्बर. त्याला उतरती कळा लागली, 1975 साली राज्य सरकारने ते आपल्याकडे घेतले, 2005 साली खाजगी कंपनीस विकले आणि नव्या स्वरूपात ते उघडावयास 2013 साल उजाडले. जाहिरातीतील नवा रंग, नवी दिवाणखाने, पोहण्याचे तलाव हे सारे त्या उभारणीचे शेवटचे टोक. भिंतीतील नळ, तळघरातील वाहिन्या, कर्मचाऱ्यांची सवय आणि पाहुण्याचा भरवसा ही कामे आधी व्हावी लागतात आणि त्यांचे छायाचित्र निघत नाही. आज आपल्याकडील उष्ण झऱ्यांकाठी किंवा जुन्या राजवाड्यांत नवी विश्रामस्थाने उभारण्याची हौस वाढली आहे. त्या मंडळींनी 1937 सालचे ग्रँड ध्यानात ठेवावे. ज्या पाण्यासाठी माणूस येतो, त्याच पाण्याने तो कायमचा दुरावूही शकतो.

आपले मंडळ काही हॉटेल नव्हे. परंतु पन्नास वर्षे चाललेल्या कोणत्याही संस्थेत, पूर्वीसारखी माणसे आता जमत नाहीत, ही खंत ऐकू येतेच. आपल्यातही ती ऐकू येते. मग सभागृहाला रंग द्यावा, ध्वनिक्षेपक नवा घ्यावा, अशा सूचना होतात. त्या जरूर अमलात आणाव्यात. परंतु त्याआधी परगावाहून नोकरीनिमित्त नुकत्याच आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाला या दारात पाऊल टाकल्यावर काय मिळते, कोणी विचारपूस करतो की नाही, याचा शोध आपण घेतला पाहिजे. आईने दिलेले 25 रुपये खिशात घेऊन परक्या गावी उतरलेल्या तरुणाला एका दारात थारा मिळाला, आणि पुढे त्याने एका बंद वास्तूचे दार हजारो पाहुण्यांसाठी उघडले. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या गृहस्थाचे स्मरण आम्हांस म्हणूनच उचित वाटले.