निष्पत्तीचा हिशेब मागणारा शल्यविशारद

अर्नेस्ट अ‍ॅमरी कॉडमन यांचा जन्म १८६९ मध्ये बोस्टन येथे झाला. हार्वर्डची वैद्यकीय पदवी घेऊन ते मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शल्यविशारद झाले. टाके निघून रुग्ण घरी गेला की शस्त्रक्रिया यशस्वी मानण्याची तेव्हा रीत होती. कॉडमन यांना ती मान्य नव्हती. किमान वर्षभराने रुग्णाची पुन्हा तपासणी करून त्याचा त्रास खरोखर गेला का, नसल्यास का, हे ते प्रत्येकाच्या स्वतंत्र कार्डावर नोंदवीत. आजच्या औषधचाचण्यांतही रुग्णाच्या वेदना आणि हालचाल मोजली जाते, ती याच प्रश्नापोटी.

बढत्या मात्र सेवाज्येष्ठतेनेच होत राहिल्या. निषेध म्हणून १९१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढील वर्षी भर सभेत त्यांनी व्यंगचित्र झळकावले: वाळूत डोके खुपसलेला शहामृग, म्हणजे बॅक बे वस्तीतील धनिक, डॉक्टरांना सोन्याची अंडी पुरवीत आहे! वैद्यकवर्तुळ संतापले. त्यांच्या छोट्या खासगी रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या उपचारांतील १२३ चुका कॉडमन यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केल्या. असे धाडस आजही विरळाच. पुढे ते रुग्णालय बंद पडले. १९४० मध्ये कॉडमन निवर्तले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो २०१४ मध्ये.