मागल्या अंगणातला कॅमेरा

आमच्या लग्नानंतरचा फोटो अजून भिंतीवर आहे. मागे रंगवलेला पडदा, बाजूला कुंडी, आणि मध्ये श्वास रोखून बसलेले आम्ही दोघे. फोटो काढणे म्हणजे एवढेच, अशी माझी समजूत होती. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण गेल्या पावसाळ्यात लेकीने एका अमेरिकन बाईंची हकीकत मला वाचून दाखवली. ती मनातून जाईना, म्हणून भगिनींसाठी जमेल तशी लिहिते.

इमोजेन कनिंगहॅम यांचा जन्म १८८३ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे झाला. दहा भावंडांचे घर. १९०१ च्या सुमारास त्यांनी टपालाने कॅमेरा मागवला, आणि वडिलांनी सरपणाच्या खोपटात त्यांना फोटो धुण्यासाठी अंधारखोली करून दिली. असा बाप मिळायला भाग्य लागते! सिॲटलच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकताना त्या वनस्पतिशास्त्र विभागासाठी झाडापानांचे फोटो काढून फीला हातभार लावीत. पुढे एडवर्ड कर्टिस यांच्या स्टुडिओत नोकरी, मग शिष्यवृत्तीवर जर्मनीत ड्रेस्डेनला शिक्षण, आणि परत आल्यावर १९१० साली सिॲटलमध्ये स्वतःचा स्टुडिओ. लोक येत, फोटो काढून घेत, पैसे देत.

१९१५ साली रॉय पार्ट्रिज या चित्रकाराशी लग्न झाले. त्याच वर्षी मुलगा, आणि १९१७ साली जुळे मुलगे. बिऱ्हाड कॅलिफोर्नियात हलले आणि स्टुडिओ मिटला. लेक वाचीत होती तेव्हा इथे मी म्हटले, संपली गोष्ट. माझी कशिद्याची उशीची खोळ अर्धा मोर भरून अशीच ट्रंकेत गेली, ती आजतागायत तिथेच आहे.

पण इमोजेनबाईंनी कॅमेरा ट्रंकेत ठेवला नाही. मुलांना सोडून लांब जाता येईना, तर मागल्या अंगणातली फुलेच त्यांनी फोटोला घेतली. एका हाताने मुले सांभाळायची आणि दुसऱ्या हाताने फोटो, असाच तो काळ. फुलांना खूश करायचे नव्हते, की फोटोचे पैसे घ्यायचे नव्हते. १९२५ सालचा त्यांचा मॅग्नोलियाचा फोटो मी पाहिला. आपल्या सोनचाफ्याच्या कुळातले हे फूल. पाकळ्या उघडलेल्या, मधला गाभा इतका स्पष्ट की बोटाने केसर मोजावे. देवासाठी मी इतकी वर्षे फुले खुडली, पण असे एकही पाहिले नाही. १९२९ साली जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचे दहा फोटो लागले, त्यात बहुतेक झाडाफुलांचेच.

पुढचे लिहिताना हात अडखळतो. १९३४ साली एका मासिकाच्या कामासाठी न्यूयॉर्कला बोलावणे आले. मी येईपर्यंत थांब, असे यजमानांचे म्हणणे. त्या थांबल्या नाहीत, आणि त्याच वर्षी घटस्फोट झाला. आमच्या सासूबाई असत्या तर बाईंनाच बोल लावला असता. मी मात्र अजून ठरवू शकलेले नाही. आपल्यापैकी किती जणी थांबलो, हे ज्याचे त्याला ठाऊक.

त्यानंतर पोटासाठी लोकांचे फोटो काढणे पुन्हा आलेच, आणि जोडीने स्वतःच्या आवडीचे कामही चालू राहिले. वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांनी फार म्हाताऱ्या माणसांचे फोटो एका पुस्तकासाठी काढायला घेतले. १९७६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे त्या वारल्या. पुस्तक पुढच्या वर्षी निघाले.