परमवीर चक्राच्या रचनाकार : सावित्रीबाई खानोलकर

पिशोर, प्रतिनिधी - प्रजासत्ताकदिनी दिल्लीतील संचलनात परमवीर चक्राचे हयात मानकरी जीपमधून पुढे येतात, तेव्हा पिशोरसारख्या गावात दूरचित्रवाणीसमोर बसलेल्यांचीही मान अभिमानाने ताठ होते. छातीवरचे ते पदक सर्वांना ठाऊक असते. ते रेखाटणारा हात मात्र स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या एका मराठी सुनेचा होता, याची जाणीव थोड्यांनाच असते.

जुनी पदके जमविण्याचा छंद जगभर आहे आणि त्यात जर्मन पदकांचा मान मोठा. छातीवर मिरवायचे मूळ पदक, रोजच्या गणवेशावरील फितींची पट्टी आणि रात्रीच्या समारंभात लावायची छोटी प्रतिकृती असे तिन्ही नमुने संग्राहक जपतात. प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने नेपोलियनविरुद्धच्या युद्धात १८१३ मध्ये सुरू केलेला 'आयर्न क्रॉस' हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पदक. चांदीच्या कडेत बसविलेले साधे लोखंड, एवढाच त्याचा ऐवज. त्याला अंतिम रूप देणारा वास्तुकार शिंकेल याचे नाव संग्राहकांना तोंडपाठ असते. भारतीय पदकांच्या बाबतीत तसे झाले नाही.

सावित्रीबाईंचे मूळ नाव ईव्ह इव्हॉन मादाय. २० जुलै १९१३ रोजी न्यूशातेल येथे त्यांचा जन्म झाला. वडील हंगेरियन, तर आई रशियन. सँडहर्स्ट येथे लष्करी शिक्षण घेणारे विक्रम खानोलकर सुट्टीत युरोपात आले असता दोघांची ओळख झाली. पुढे भारतात परतून विक्रम शीख पलटणीत दाखल झाले आणि त्यांची पहिली नेमणूक आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, तत्कालीन औरंगाबाद येथे झाली. पत्रव्यवहार सुरूच राहिला. वडिलांचा विरोध बाजूला सारून ईव्ह भारतात आल्या. १९३२ मध्ये विवाह झाला आणि ईव्हच्या सावित्रीबाई झाल्या.

हा बदल केवळ नावापुरता नव्हता. त्या मराठी, हिंदी आणि संस्कृत शिकल्या. उपनिषदे व पुराणे त्यांनी अभ्यासली. उदय शंकर यांच्याकडे नृत्याचे धडे घेतले.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश पदकांच्या जागी स्वतःची शौर्यपदके निर्माण करण्याची जबाबदारी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आली. त्यांनी रचनेचे काम सावित्रीबाईंवर सोपविले. पुराणांच्या व्यासंगाचा येथे उपयोग झाला. वृत्रासुराच्या वधासाठी दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या व त्यांतून इंद्राचे वज्र घडले, ही कथा त्यांनी निवडली. सुमारे साडेतीन सेंटिमीटर व्यासाची कांस्यधातूची चकती, मध्यभागी राजमुद्रा, सभोवती चार वज्रे आणि साधी जांभळी फीत असे परमवीर चक्राचे रूप ठरले. महावीर चक्र, वीर चक्र आणि अशोक चक्र यांच्या रचनाही त्यांच्याच.

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्राची घोषणा झाली व १५ ऑगस्ट १९४७ पासून ते लागू धरण्यात आले. पहिले पदक मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले. योगायोग असा, की त्यांचे बंधू सुरिंदरनाथ हे सावित्रीबाईंचे जावई. कारवारकडील सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर केलेल्या पराक्रमाबद्दल हा सन्मान हयातीत स्वीकारला. १९४७ ते १९९९ या काळातील शौर्यासाठी एकूण २१ वीरांना परमवीर चक्र लाभले. त्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले. दधीचींच्या कथेची निवड किती अचूक होती, हे त्यावरून कळते.

१९५२ मध्ये मेजर जनरल विक्रम खानोलकर यांचे निधन झाले. त्यानंतर सावित्रीबाईंना त्यांच्या माहेरच्या देशी परतता आले असते. त्या येथेच राहिल्या, अध्यात्माकडे वळल्या आणि महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

पदकाच्या मागील बाजूस हिंदी व इंग्रजीत पदकाचे नाव आणि दोन कमळे आहेत. रचनाकाराचे नाव नाही. पदकांचा संग्रह जपणाऱ्यांनी आणि शाळेत परमवीरांच्या कथा सांगणाऱ्या शिक्षकांनी ही उणीव भरून काढावी, एवढीच अपेक्षा.